जुन्या मशीनचा पार्ट आता बनत नाही, मग काय? मशीनवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

वाळूजला आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर मशीनचं कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) येतं ते बहुतेक वेळा वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, आणि सोबत चिठ्ठी: "आयसी जळालाय, सेम नंबर टाकून द्या." मशीन १९८८चं, आयसी (कार्डावरची चिप) १९८७चा, आणि तो बनवणं बंद होऊन जमाना झालेला. १९८५मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या मागोमाग जॉबवर्कच्या शेड उभ्या राहिल्या. त्या काळातली लेथ, प्रेस, मोल्डिंग मशीनं कित्येक ठिकाणी अजून रोज चालतात. लोखंड शाबूत आहे, थकलंय ते आतलं कार्ड. चिकलठाणा, जालना, लातूर, परभणीकडून फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एका जागी लिहून ठेवतोय. म्हणजे माझाही घसा वाचेल.

सेम नंबर कुठंच मिळत नाही. कार्ड गेलं का?

नाही. पण "सेम नंबर" हा हट्ट सोडावा लागेल. तो पार्ट त्या जागेवर नेमकं कोणतं काम करत होता, हे आधी शोधायचं: किती व्होल्ट, किती करंट, किती वेग, कोणत्या पायाला काय. ते कळलं की पर्याय बहुधा निघतो. काम न समजता नंबर जुळवला तर मूळ कंपनीचा पार्ट टाकूनही कार्ड पुन्हा जळतं, कारण जाळणारा दोष दुसरीकडेच बसलेला असतो.

पार्टवरचे आकडे वाचायचे कसे?

एका पार्टवर दोन-तीन ओळी असतात आणि त्यातली एक तारखेची असते. "८७३२" म्हणजे १९८७ सालचा ३२वा आठवडा. एकदा एका पोराने हा तारखेचा आकडाच नंबर समजून दोन दिवस दुकानं पालथी घातली होती. ७४ने सुरू होणाऱ्या लॉजिक आयसींच्या सीरिजमध्ये घोळ जास्त, कारण "७४१०" हा आयसीसुद्धा असतो आणि १९७४च्या दहाव्या आठवड्याची तारीखसुद्धा.

जपानी ट्रान्झिस्टरवर सुरुवातीचं "२एस" छापतच नाहीत. "सी१८१५" म्हणजे २एससी१८१५, "डी८८०" म्हणजे २एसडी८८०. ए आणि बी म्हणजे पीएनपी, सी आणि डी म्हणजे एनपीएन, हे ट्रान्झिस्टरचे दोन उलट प्रकार. हे एवढं पाठ असलं तरी निम्मी शोधाशोध वाचते.

नंबरामागच्या अक्षरांना घाबरू नका, पण फेकूनही देऊ नका. काही अक्षरं नुसती पॅकिंगची किंवा शिसंविरहित मालाची असतात. युरोपात १ जुलै २००६पासून शिशावर बंधन आलं, तेव्हा खूप कंपन्यांनी तोच पार्ट नव्या शेपटीने विकायला काढला. काही अक्षरं मात्र तापमानाची किंवा वेगाची असतात. कोणतं अक्षर कशाचं, ते डेटाशीटच्या (कंपनीच्या माहितीपत्रकाच्या) शेवटच्या पानांवर सापडतं.

नंबर घासून टाकलाय. आता?

काही मशीन कंपन्या मुद्दाम घासत, काही स्वतःचा खासगी नंबर छापून घेत. अशा वेळी भोवतालचं सर्किट कागदावर उतरवायचं. सप्लायच्या पिना कोणत्या, ग्राउंड कुठं, कोणत्या पायाला क्रिस्टल. आठ पायांचा आयसी, चौथ्या पायाला उणे आणि आठव्याला अधिक सप्लाय, बाकी पायांना रेझिस्टरची जाळी: बहुतेक वेळा तो ड्युअल ऑप-अँप (एका आयसीत दोन अँप्लिफायर) निघतो. त्याच कंपनीचं दुसरं चालू कार्ड शेजारच्या कारखान्यात असेल तर अर्धा तास मागून घ्या, मोजून परत करा. आपल्याकडे अजून एवढा शेजारधर्म आहे.

पुस्तकात दिलेला इक्विव्हॅलंट (पर्यायी पार्ट) टाकला, तरी उडाला. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इक्विव्हॅलंटचं पुस्तक व्होल्ट आणि अँपिअर जुळवतं. तुमच्या कार्डावर त्या पार्टकडून दुसरंच काही काढून घेतलेलं असतं, ते पुस्तकाला ठाऊक नसतं. माझ्या टेबलावर नेहमी दिसणाऱ्या चुका या:

एसएमपीएसमधला (स्विचिंग पॉवर सप्लायमधला) डायोड गेला की हाताशी असलेला १एन४००७ टाकतात. १००० व्होल्ट, १ अँपिअर, सगळं जुळतं. पण तो डायोड ५० हर्ट्झसाठी आहे. हजारो हर्ट्झवर तो बंदच वेळेत होत नाही, तापतो आणि सोबत मॉस्फेटलाही (स्विचिंग करणाऱ्या ट्रान्झिस्टरलाही) घेऊन जातो. तिथं यूएफ४००७ लागतो. त्याचा बंद होण्याचा वेळ ७५ नॅनोसेकंद आहे.

३८४४ (एसएमपीएस चालवणारा कंट्रोल आयसी) नाही मिळाला म्हणून ३८४२ टाकला. दोन्ही आठ पायांचे, दोन्ही १६ व्होल्टला चालू होऊन १० व्होल्टला बंद होणारे. फरक एवढाच की ३८४४ पल्सची रुंदी निम्म्यावर रोखतो, ३८४२ जवळजवळ पूर्ण सोडतो. निम्म्याच्या हिशेबाने गुंडाळलेला फॉरवर्ड ट्रान्सफॉर्मर त्यात सॅच्युरेट होतो (गाभ्यात आणखी चुंबकत्व मावत नाही) आणि चालू करताक्षणी फट्! ३८४३ आणि ३८४५ची गोष्ट तर आणखी निराळी, ते ८.४ व्होल्टलाच जागे होतात.

७४एलएस बंद म्हणून ७४एचसी लावला. एलएसचा आउटपुट २.७ व्होल्टची हमी देतो, एचसीला "हाय" समजायला साधारण ३.५ लागतात. टेबलावर चालतं, कारखान्यात दुपारी दोनला अडतं. तिथं ७४एचसीटी घ्यायचा, त्याला २ व्होल्ट पुरतात. एक "टी" विसरल्याने एका प्रेसने एका माणसाला आठवडाभर जागवलं होतं. तो माणूस मीच.

२एससी१८१५च्या जागी बीसी५४७: गुण जवळपास तेच, पाय वेगळे. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर पहिल्याचे डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस. दुसऱ्याचे कलेक्टर, बेस, एमिटर. नुसतं उलटं फिरवूनही जमत नाही, पाय वाकवावे लागतात.

एलएम३२४च्या (चार ऑप-अँपच्या आयसीच्या) जागी टीएल०७४ "भारी" म्हणून लावला. पाय तेच. पण एलएम३२४ शून्य व्होल्टपर्यंतचा इनपुट वाचतो, टीएल०७४ वाचत नाही. एकाच सप्लायवर चालणाऱ्या तापमान कार्डात तो वेडंवाकडं दाखवू लागतो.

आणि रिले. कॉइल २४ व्होल्ट, पिना जुळल्या, वर लिहिलंय १० अँपिअर. ते १० अँपिअर २५० व्होल्ट एसीचे. ११० व्होल्ट डीसीच्या ब्रेक कॉइलवर तोच रिले जेमतेम अर्धा अँपिअर तोडू शकतो. डीसीची ठिणगी लवकर विझत नाही, कॉन्टॅक्ट चिकटतात. शिवाय काही रिलेंच्या पोटात डायोड असतो, त्यांना कॉइलचं अधिक-उणे पाळावं लागतं.

मूळ दोष नेमका कुठं असतो? आयसीच गेलाय हे कशावरून?

पंधरा वर्षांपुढच्या कार्डात आयसीवर शंका शेवटी घ्या, आधी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तपासा. साधा ठोकताळा आहे: १० डिग्री कमी झाले की आयुष्य दुप्पट, वाढले की निम्मं. ८५ डिग्री, २००० तास लिहिलेला कपॅसिटर ६५ डिग्रीत ८००० तास चालेल, म्हणजे अखंड मशीनवर वर्षभरसुद्धा नाही. १०५ डिग्रीचा तेवढ्याच तासांचा घेतला तर ३२,००० तास. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२ असतात, पत्र्याच्या शेडमधल्या बंद पॅनलमध्ये ६५ काही लांब नाही. किमतीत फरक थोडा, पण दुकानदार पुढ्यात ८५चाच ठेवतो. मागून घ्या.

मीटरवर मायक्रोफॅरड बरोबर दाखवला म्हणून कपॅसिटर चांगला ठरत नाही. ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) मोजा. बदलताना व्होल्टेज थोडं वाढवलं तर चालतं, कमी केलेलं कधीच नाही.

वर्षानुवर्षं कपाटात पडलेलं स्पेअर ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं युनिट) एकदम फुल सप्लायवर लावू नका. कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर विरलेला असतो. व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू, तासा-दोन तासांत चढवा. नुसता सप्लाय असेल तर रेझिस्टर मालिकेत घेऊन द्या.

जिनिंगच्या पॅनलमध्ये सरकी-कापसाची धूळ फार. कॉम्प्रेसरने उडवली तर?

कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल असतं. कोरडा ब्लोअर आणि ब्रश.

ड्राइव्हमधला टीएलपी२५० (आयजीबीटीच्या, म्हणजे पॉवर ट्रान्झिस्टरच्या गेटला चालवणारा आयसी) मिळत नाही. ए३१२० टाकू का?

पाय जुळतात आणि करंटही जास्त देतो, म्हणून सगळे टाकतात. एक गोष्ट आधी मोजा: गेटचा सप्लाय किती आहे? टीएलपी२५० दहा व्होल्टपासून काम करतो. ए३१२०मध्ये कमी व्होल्टेजला आउटपुट बंद ठेवणारी सोय आहे आणि ती साधारण १२ व्होल्टच्या आसपास सुटते. तुमचा सप्लाय १५च्या वर असेल तर बिनधास्त टाका. १२चा असेल तर आयजीबीटी कधी चालेल, कधी नाही. तोशिबाचाच टीएलपी२५०एच हा नंतरचा पर्याय आहे, पण जुन्याची आणि त्याची डेटाशीट शेजारी-शेजारी ठेवून पाहा.

जालन्याला फर्नेसचा एससीआर (जड करंटचा इलेक्ट्रॉनिक स्विच) वारंवार उडतोय. नवीन, जास्त अँपिअरचा टाकला तरी.

अँपिअर पाहून घेतला ना, तिथंच फसलात. इंडक्शन फर्नेसच्या इन्व्हर्टरला वेगाने बंद होणारा, इन्व्हर्टर ग्रेडचा एससीआर लागतो. त्याचा टर्न-ऑफ टाइम साधारण १० ते ५० मायक्रोसेकंदांत असतो. रेक्टिफायरच्या बाजूला लागणारा फेज कंट्रोलचा एससीआर दिसायला तोच, चकती तीच, पण त्याला बंद व्हायला शंभराच्या वर मायक्रोसेकंद लागतात. तो इन्व्हर्टरमध्ये बसवला की बंद व्हायच्या आत पुन्हा व्होल्टेज चढतं आणि सरळ शॉर्ट. म्हणून जुन्या चकतीच्या डेटाशीटमध्ये "टीक्यू" (टर्न-ऑफ टाइम) किती आहे ते बघून तेवढाच किंवा त्याहून कमी घ्या.

दुसरं, चकती बसवताना क्लॅम्पचा दाब. नुसता पान्याने "घट्ट" आवळून होत नाही, कंपनीने दिलेला दाब धरा, पृष्ठभाग सपाट आणि स्वच्छ ठेवा. पाण्याच्या लाइनमध्ये क्षार बसला असेल तर नवा एससीआरही महिन्यात जाईल. जालन्याच्या पाण्याबद्दल मी जालनेकरांना वेगळं काय सांगणार.

कार्डावर काचेची खिडकी असलेला आयसी आहे. तो गेला तर?

तो ईप्रॉम. त्यात मशीनचा प्रोग्रॅम आहे आणि बाजारात तो कोरा मिळतो, भरलेला नाही. म्हणून मशीन चालू आहे तोवरच त्याची कॉपी काढून ठेवा. माझं ऐकून एवढं एकच काम केलंत तरी हे लिहिल्याचं चीज झालं.

खिडकीवरचा कागद शोभेला नसतो. अतिनील प्रकाशाने आतला डेटा पुसतो. पुसायच्या दिव्याखाली वीसेक मिनिटं पुरतात. थेट उन्हात साधारण आठवडा लागतो, ट्यूबलाइटखाली तीनेक वर्षं.

वाचायचा प्रोग्रॅमर आता स्वस्त मिळतो. वाचताना दोन-तीनदा वाचून चेकसम (सगळ्या डेटाच्या बेरजेचा आकडा) तोच येतो का पाहा. नवीन भरताना व्होल्टेज नीट निवडा: २७१६ला २५ व्होल्ट, २७६४ला २१, आणि २७६४एला १२.५. "ए" न बघता २१ दिले तर चिप तिथंच संपली. काही स्वस्त प्रोग्रॅमर २५ व्होल्ट देऊच शकत नाहीत, विकत घेण्याआधी विचारा.

बॅटरीवर डेटा धरून ठेवणारी मेमरी हा आणखी घातकी प्रकार. डीएस१२२५ किंवा डीएस१२३० दिसला तर समजा पोटात लिथियम सेल आहे. कंपनी दहा वर्षांची हमी देत होती, तुमचा तीस वर्षांचा झाला असेल. हा आयसी कार्डातून काढायच्या आधी डेटा वाचा. जुन्या पीएलसी (मशीनचं लॉजिक चालवणारा कंट्रोलर) आणि सीएनसीमध्ये (संगणकाने चालणाऱ्या मशीनमध्ये) वेगळी बॅटरी असते, तीही बहुधा ३.६ व्होल्टची लिथियम. ती सप्लाय चालू ठेवूनच बदलायची. दिवाळीच्या सुट्टीत मेन स्विच पाडून बॅटरी बदलली आणि सगळे पॅरामीटर उडाले, असे फोन दरवर्षी येतात. पॅरामीटर कागदावर लिहून, त्याचा फोटो मालकाच्या आणि फिटरच्या, दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

कार्डावर निकेल-कॅडमियमची सोल्डर केलेली बॅटरी असेल तर आजच काढा. ती गळते आणि तांब्याचे ट्रॅक खाते. हिरवट डाग दिसला की सौम्य व्हिनेगरने पुसून, पाण्याने धुऊन, नीट वाळवा.

पीएएल, गॅल लिहिलेला (आत लॉजिक भरता येणारा) आयसी?

कोरा मिळेल: गॅल१६व्ही८च्या जागी एटीएफ१६व्ही८ चालतो आणि तो अजून बनतो. पण आतलं लॉजिक कुलूपबंद असेल तर वाचता येत नाही. मग इनपुट-आउटपुट मोजून लॉजिक नव्याने लिहावं लागतं. होतं, पण वेळ खातं.

माल आणायचा कुठून?

साधे ट्रान्झिस्टर, रेग्युलेटर, रिले संभाजीनगरातच मिळतात. पुढची पायरी पुण्याची तपकीर गल्ली, मग मुंबईचा लॅमिंग्टन रोड, मग बंगळूरचा एसपी रोड. लॅमिंग्टन रोडला जायचं तर जुना पार्ट खिशात घेऊन जा. फोनवर "आहे" आणि काउंटरवर "सेम टू सेम आहे" यांत फार अंतर असतं.

मोठ्या अधिकृत वितरकांच्या साइटवरून माल रुपयांत मागवता येतो. तिथं पार्टच्या नावापुढे "नवीन डिझाइनसाठी शिफारस नाही" असं दिसलं तर समजा घंटा वाजली, पुढे "लास्ट टाइम बाय"ची नोटीस येते. झिलॉगने १९७६पासून चालत आलेल्या मूळ झेड८० प्रोसेसरची शेवटची ऑर्डर १४ जून २०२४पर्यंतच घेतली. बंद झालेले आयसी परवान्याने बनवणाऱ्या आणि साठा ठेवणाऱ्या कंपन्याही आहेत, अमेरिकेतली रॉचेस्टर इलेक्ट्रॉनिक्स त्यांतली मोठी. किमान ऑर्डरची अट मात्र छोट्या माणसाला परवडत नाही. दोन-तीन कारखान्यांनी मिळून मागवावं.

आणि भंगार. मी हे गमतीने लिहीत नाहीये. बंद पडलेल्या युनिटचं पॅनल भंगारात निघालं की आतली कार्डं किलोच्या भावाने जातात. तुमच्याच मशीनचा भाऊ त्यात असतो. भंगारवाल्याला मशीनचा फोटो देऊन ठेवा.

डुप्लिकेट ओळखायचा कसा?

किंमत हा पहिला पुरावा. वीस वर्षांपूर्वी बंद झालेला आयसी नव्यापेक्षा स्वस्त मिळत असेल तर कोणाचा तरी नंबर घासून दुसरा छापलेला आहे. वरची आणि खालची बाजू बोट फिरवून पाहा, खडबडीतपणा वेगळा लागला तर वर काळा लेप आहे. कापसावर अ‍ॅसिटोन घेऊन पुसलं की असे लेप आणि शाई सुटतात. पायांवर जुनं सोल्डर दिसतं का पाहा. तारीख एकच आणि देशाचं नाव दोन पार्टांवर वेगळं, हेही संशयाचं.

पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये लबाडी आतल्या चिपच्या आकारात असते. २एन३०५५च्या टोपीत इवलीशी चिप घातलेले नमुने मी फोडून पाहिलेत. फोडायची तयारी नसेल तर प्रत्यक्ष लोडवर तासभर चालवा. आमच्याकडे एका व्यापाऱ्याने दहा आयसी पाठवले होते, दहाही बनावट निघाले. परत घेतले नाहीत. तेव्हापासून पाच-दहा घेण्याआधी एक मागवतो, तपासतो, मग बाकीचे.

आता सगळं एसएमडीतच (कार्डाच्या पृष्ठभागावर चिकटणाऱ्या छोट्या पार्टांत) मिळतं. जुन्या कार्डावर बसेल का?

बसतं. एसएमडी ते डीआयपी (भोकांत बसणारे लांब पाय) अशी अडॅप्टर पट्टी मिळते. फक्त आतली चिप तीच आहे का आणि उष्णता निघून जाईल का एवढं पाहा. जुन्या सोल्डरवर ६३/३७च (कथील-शिसं) वापरा, ते १८३ डिग्रीला वितळतं. शिसंविरहिताला २१७च्या वर लागतात आणि जुने ट्रॅक उपटून येतात. मेलेला आयसी काढताना मोह आवरा, आधी सगळे पाय कापा, मग एकेक पाय काढा. सॉकेट लावायचं तर गोल पिनचं. हादरणाऱ्या प्रेसवर मात्र सॉकेट नकोच.

स्पेअर किती ठेवावेत?

ते मशीनवर अवलंबून आहे. साखर कारखान्याचं उदाहरण घ्या. गाळप चालू असताना डीसी ड्राइव्हचं फायरिंग कार्ड गेलं तर ऊस गाड्यांवर वाळतो. त्या कार्डांत टीसीए७८५ (एससीआरला चालू करायचा पल्स देणारा आयसी) असायचा, मूळ कंपनीने तो बंद केला. चिनी पर्याय मिळतात पण त्यांत चांगलं-वाईट आहे. अशा वेळी हंगाम संपल्यावर, मे-जूनमध्ये, सगळी कार्डं उतरवून एकाच प्रकारचे किती पार्ट आहेत ते मोजायचं, कपॅसिटर सरसकट बदलायचे आणि अवघड आयसी तपासून चार-पाच ठेवायचे. डबीवर तारीख आणि मशीनचं नाव लिहा. नाव नसलेली डबी दोन वर्षांनी कोणीच उघडत नाही.

दुरुस्ती सोडून नवीन पीएलसी कधी टाकावा?

एकाच कार्डाची वर्षात तिसरी दुरुस्ती, किंवा प्रोग्रॅमची कॉपी नाही आणि ईप्रॉम अधूनमधून चुकतोय, तर थांबा. नुसतं रिले लॉजिक असेल तर पीएलसीवर नेणं सोपं. गिअर, हायड्रॉलिक आणि बेड चांगलं असेल तरच खर्च करा. लॉजिक लिहायला पोरं मिळत नसतील तर संभाजीनगरच्या विद्यापीठ परिसरातल्या नाइलिट (केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्स प्रशिक्षण संस्था) किंवा चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये विचारपूस करा, शिकलेली मुलं तिथं भेटतात. सीएनसी असेल तर मूळ कंट्रोलर कंपनीला आधी विचारा. फॅनुकसारखी कंपनी ग्राहक वापरतोय तोवर सेवा देण्याचं धोरण पाळते, आणि लोकांना हे ठाऊकच नसतं.

कार्ड पाठवताना सोबत काय द्यायचं?

काय होतंय ते तीन ओळींत: केव्हा बंद पडतं, गार असताना की तापल्यावर, पाऊस-विजेनंतर का. मशीनच्या नेमप्लेटचा फोटो. आधी कोणी काय बदललं, तेही लाज न बाळगता. जोडीचं चालू कार्ड असेल तर तेही. सर्किटचा कागद असेल तर झेरॉक्स पाठवा, मूळ प्रत कपाटातच राहू द्या. वर्तमानपत्र नको, अँटिस्टॅटिक पिशवी नसेल तर पुठ्ठ्याचा खोका चालेल. आणि खिडकीवरचा कागद काढू नका. काढलाच असेल तर काळी टेप लावून पाठवा.